दोर आणि रश्श्याचं पातेलं

नव्वदच्या दशकात आम्ही जुन्या व्हॅनमध्ये झोपायला फळ्या ठोकल्या आणि कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो. दोरावरून कडा उतरायचा म्हणून मी वर्षभर व्यायाम केला होता. कड्यावर पोहोचलो, तर पिशवीत दोर नाही! घाटात घरून आणलेला मटणाचा रस्सा सांडू नये म्हणून थोरल्या भावाने त्याच दोराने पातेलं बांधलं होतं. दोर रश्श्याच्या तेलाने माखलेला. कडा उतरवणारा मित्र म्हणाला, "ह्यावरनं तुला सोडणार न्हाय. निसटशील."

दादा खूश होता. "रस्सा वाचला की!"

माझं डोकंच फिरलं. व्हॅनमध्ये शिरलो, आतून कडी लावली आणि पातेलं पुढ्यात ओढलं. दादा दार बडवत ओरडला, "अरं, मला बी वाढ की!"

मी मटणाची फोडीन् फोड संपवली. राग तसूभरही उतरला नाही.