जनरलच्या ड्रायव्हरची साक्ष

आल्बान क्रेस खोगीर शिवणाऱ्याचा पोरगा. पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट फॉन रीडेन यांचा घोडा सांभाळायला म्हणून त्यांच्याकडे आला आणि त्यांचाच होऊन राहिला. लेफ्टनंटचे कर्नल झाले, घोडा जाऊन मोटार आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे फ्रान्स पडलं तेव्हा साहेब जनरल होते आणि आल्बान त्यांचा ड्रायव्हर.

रशियात आल्बानला टायफसचा जीवघेणा ताप आला. माघार सुरू होती, आजाऱ्यांना मागेच ठेवून सगळे निघाले होते. रीडेननी स्वतःचा लोकरी कोट त्याच्या अंगावर टाकला आणि त्याला दवाखान्याच्या गाडीत चढवून दिलं. "मरायचं नाही, गाढवा! माझी गाडी कोण चालवेल?"

तो बरा होऊन परतला. पुढच्याच हिवाळ्यात एका खेड्याजवळ रीडेनच्या फौजेचे दोन शिपाई मारले गेले. आल्बानने टेकाडावर गाडी थांबवली. जनरल खाली उतरले, हातमोजे घातले आणि सोबतच्या मेजरला म्हणाले, "एकही घर उभं राहता कामा नये." घरांत माणसं होती. गाडीची काच वर केली तरी आवाज आत येतच होता.

युद्ध हरल्यावर आल्बान गावी येऊन घोड्यांचे पट्टे शिवू लागला. रीडेन त्या खेड्याच्या खटल्यासाठी तुरुंगात होते. एके दिवशी त्यांची बायको दुकानात आली.

"आल्बान, तू एवढंच सांगायचंस. त्या दिवशी साहेब मुख्यालयात होते."

"बाईसाहेब, ते टेकाडावर होते. मीच नेलं होतं."

"त्यांनी तुझा जीव वाचवला. विसरलास?"

"कसा विसरेन? म्हणून तर रात्रभर डोळा लागत नाही."

न्यायालयात त्याने घडलं तसं सांगितलं. रीडेन त्याच्याकडे बघतच राहिले. रीडेनच्या वकिलाने विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"

"गाडी चालू ठेवली होती," आल्बान म्हणाला. "थंडीत बंद पडायची."

रीडेनना बारा वर्षांची शिक्षा झाली. गावाने आल्बानकडे काम देणं बंद केलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटला, असं बिअरच्या गुत्त्यात त्याच्या तोंडावर बोलत. त्याची बायको म्हणाली, "चल, इथून जाऊ." पण तो गेला नाही.

रीडेन आजारामुळे लवकर सुटले आणि दोन वर्षांत वारले. आल्बान दफनाला गेला. जुने अधिकारी त्याला बघून बाजूला झाले. त्याने मूठभर माती टाकली, टोपी हातात धरून रडला आणि घरी आला.