मरीमायची सलाइन

यमुनाबाई नर्स कोणाशी वादच घालायच्या नाहीत, आणि मला त्याचाच राग यायचा. कोणी म्हणालं, सुई टोचली की हात झडतो, तर त्या ओसरीवर पाय पसरून बसत. "असंन जी. कोणाचा झडला? दाखवा मले, तेल लावून पाहू." मग चहा घेत, घरातल्यांच्या गुडघेदुखीच्या कहाण्या ऐकत. तासाभरानं तोच माणूस दंड पुढे करायचा. मी शाळामास्तर. मी विज्ञान सांगायला लागलो की माणसं उठून जायची.

आणीबाणीच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. रिवाजाप्रमाणे गावानं लाकडाचा हातभर गाडा केला, त्यात शेंदूर फासलेली मरीमाय बसवली, हिरवा खण घातला आणि रोगासकट तिला वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेत सोडलं. शेजारच्यांनी दुसऱ्या दिवशी ती आमच्या शिवेत आणून सोडली. वर नारळही ठेवला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला दोन्ही गावं काठ्या घेऊन शिवेवर उभी, मध्ये गाडा, आणि नेमकी तेव्हाच आजारी सगुणाला घेऊन बैलबंडी आली.

सगुणा शाळेसमोर राहायची. दोन लेकरांची आई. तिचे डोळे पार खोल गेले होते. साकोलीच्या दवाखान्यात सलाइन लागली तरच ती वाचणार होती आणि रस्ता हा एकच. पलीकडचे म्हणाले, रोगी आमच्या गावातून जाणार नाही. मी पुढे झालो आणि अडाणी, मूर्ख, जे तोंडात आलं ते बोललो. काठ्या तेवढ्या वर गेल्या.

बंडीसोबत आलेल्या यमुनाबाईंनी मला मागे ओढलं. "गुरुजी, गप बसा जी. भ्यालेल्या माणसाले काहून अक्कल शिकवून राहिले?" मग त्या पलीकडच्या म्हाताऱ्या पाटलासमोर उकिडव्या बसल्या. "भेव कायचं आहे, सांगा मले."

"हे मरीमाय इथंच राहिली तर आमचे लेकरं जातीन, बाई." म्हातारा रडकुंडीला आला होता. "तुम्ही इकडं ढकलता, आम्ही तिकडं. थे जाईन कुठं?"

"मग मी तिले साकोलीले नेते. सगुणीसोबत."

देवीला दवाखान्यात न्यायचं कोणाच्या बापाला सुचलं नव्हतं. पाटलानं एकच शंका काढली. "येईन काय थे?"

बाई गाड्याशी वाकल्या, देवीच्या तोंडाशी कान नेला. "नाही असं तर म्हणून नाही राहिली."

गाडा बंडीच्या मागे दोरीनं बांधला. पलीकडच्या गावातून जाताना बाया दारातून हळदकुंकू टाकत होत्या, देवीवर आणि थोडं माझ्यावरही.

दवाखान्यात सगुणाला सलाइन लागली. शुद्धीवर येताच तिनं खाटेशेजारी मरीमाय पाहिली आणि हातातली सुई उपसायला लागली. "मले न्यायले आली." मी सांगणार होतो की हे लाकूड आहे. तोवर बाई एक रिकामी बाटली घेऊन आल्या, तिची नळी देवीच्या खणात खोचली आणि बाटली माझ्या हातात दिली. "वर धरा, गुरुजी." मग सगुणाला म्हणाल्या, "न्यायले नाही आली वो माय. तिचीबी तब्येत बिघडली. तू पडून राय, तिले सोबत होते."

सगुणा पडून राहिली. मी बाटली खाली केली की तिचा हात पुन्हा सुईकडे जायचा, म्हणून मी ती वर धरून उभाच राहिलो. दुपार कलली. सगुणाचा डोळा लागला तसा मी कुजबुजलो, "बाई, हे शिकल्यासवरल्या माणसाला शोभतं का?"

"नाही जी," बाई म्हणाल्या. "द्या इकडं, मी धरते."

मी बाटली दिली नाही. फक्त हात बदलला.