दाजींच्या कानातलं यंत्र

आमच्या दाजींइतका मोठ्यानं कुजबुजणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लग्नाच्या पंगतीत ते माझ्या कानाशी लागून "पावणं, बासुंदी पातळ हाय" असं गुपित सांगत, आणि मांडवाच्या पार मागे उभा असलेला आचारी कावराबावरा होऊन पातेल्याकडे धावे. दिवसा उद्यमनगरातल्या कारखान्यातलं लेथ मशीन आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, असं त्यांचं आयुष्य दोन गोंगाटांत वाटलेलं होतं. अक्काचा आवाज मात्र इतका बारीक, की शेजारी बसलेल्या माणसालाही "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे. तरी तिनं चुलीपाशी नुसतं "अहो" म्हटलं की अंगणात मोठमोठ्यानं राजकारण बोलणारे दाजी वाक्य अर्धवट टाकून उठत. आमच्या घरात सगळ्यांनाच याचं नवल होतं.

नव्वदच्या त्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा जोरात होता. कागल म्हणू नका, कोडोली म्हणू नका, गणपती आणि जत्रा आल्या की आमचा टेम्पो निघालाच. मी निवेदक आणि दाजी मुख्य गायक. विरहाची गाणी ही त्यांची खासियत, पण विरहात बुडून जाणं काही त्यांना जमलं नाही. मांडवात कोण आलं, कोण उठून गेलं, यावर त्यांची करडी नजर. प्रेयसी सोडून गेल्याचं कडवं संपलं रे संपलं, की मधल्या सुरावटीत ते माइकवरूनच म्हणत, "या की सरपंच, असं म्होरं या, खुर्ची मोकळी हाय." मग पुढच्या ओळीला पुन्हा प्रेयसीच्या नावानं गळा काढत. लोकांना यात काही वावगं वाटत नसे. उलट दाजींनी गाण्यात नाव घेतलं नाही म्हणून एक पाटील वर्षभर रुसले होते.

स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून गायकाच्या पायाशी एक स्पीकर ठेवलेला असतो. एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला ढोलकी, त्यामुळे दाजींचं "आनी वाढीव की रं" हे साउंडवाल्याला सारखं चाललेलं असे. कार्यक्रम संपला की त्यांचे कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत. त्याचाही त्यांना अभिमानच होता.

मग ते दशक सरल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो असताना अक्का आतून चहाला हाका मारत राहिली आणि दाजी अंगणात पेपर वाचत तसेच बसून राहिले. शेवटी तिनंच कप आणून ठेवला. मला आत बोलावून हळूच म्हणाली, "रागावल्यात का रे माझ्यावर?" हाक त्यांना ऐकूच गेली नसावी, हे माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, की वर्षानुवर्षांच्या गोंगाटानं कान दुखावलेत, असंच चाललं तर बारीक आवाज आधी जातील. स्टेजवरचा तो स्पीकर तरी बंद करा, नाहीतर गाणं बंद करा. परतताना दाजी स्कूटरवर मागे बसले होते. रंकाळा तलाव आला तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथं मला थांबायला लावलं आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "पावणं, तिचा आवाज लई बारीक हाय हो."

गाणं सोडायचं नव्हतं आणि अक्काचा आवाजही सोडायचा नव्हता. मोठे गायक कानात काहीतरी घालून गातात, हे दाजींनी टीव्हीवर पाहिलं होतं. चौकशी केल्यावर कळलं, की ते बिनतारी यंत्र असतं. कमरेला डबी, कानात बोंडं, स्वतःचा आवाज हवा तेवढा बारीक करून थेट कानात, पायाशी स्पीकर नको. मुंबईच्या एका दुकानदारानं फोनवर किंमत सांगितली तेव्हा दाजी म्हणाले, "ह्यात म्हस येतीया की, ती बी दुभती!"

मग स्वस्तातला मार्ग निघाला. ओळखीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्यांना माइकचा आवाज रेडिओवर पकडता येईल असा छोटासा एफएम ट्रान्समीटर जोडून दिला. दाजींनी खिशात पॉकेट रेडिओ ठेवला, त्याचे इअरफोन कानात घातले, आणि आम्ही मुरगूडला कार्यक्रमाला गेलो. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याच्या मध्यावर दाजींचा चेहरा एकाएकी गंभीर झाला. मला वाटलं, आज विरह खरोखर लागू पडला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि दाजी माइकवर म्हणाले, "मंडळी, उसावर लोकरी मावा पडाय लागलाय. पानं उलटी करून बघा." त्यांच्या कानात खऱ्या रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम घुसला होता. लोकांनी ते अगदी मनावर घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "औषध कंचं सांगितलंय?" दाजींनी कानावर हात दाबून ऐकलं आणि सांगितलं, "थांबा वाईच, आता बाजारभाव लागल्यात." निवेदक म्हणून त्या रात्री मला काही कामच उरलं नाही.

त्यानंतरची कैक वर्षं यंत्र निवडण्यात गेली. दाजी कानात कापूस घालून गात, त्यामुळे सूर कधी इकडे कधी तिकडे होई, आणि ऑर्केस्ट्राचा मालक नव्या गायकांची नावं काढू लागला होता. पण दाजी घाईनं वस्तू घेणाऱ्यांतले नव्हते. इंग्रजी माहितीपत्रकं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी मेगाहर्ट्झवर पोचलो की ते मला अडवत. "ते ऱ्हाऊ द्या. घाम चालतो का? सेल आपल्या गावात मिळत्यात का? बिघडलं तर कोन उघडणार?" माहितीपत्रकात यांतलं काहीच नसे.

अखेर जरा आवाक्यातले सेट निघाले आणि कोल्हापुरातल्याच एका दुकानदारानं दोन मागवले. दाजी अक्काला घेऊन आले, मी होतोच. दुकानदारानं माइक पुढे केला, "गाऊन बघा." दाजी म्हणाले, "मी कशातबी ऐकू येतोय. हिला बोलू द्या." अक्कानं पदर सावरत माइक दोन्ही हातांत धरला. "अगंबाई, मी काय बोलू?" "रोज बोलतीस ते बोल," म्हणत दाजी कानात बोंडं घालून रस्त्यावर निघून गेले. अक्का पुटपुटली, "अहो, जेवायला काय करू?" पहिला सेट स्वस्त होता. दाजी मान हलवत परतले, "नुसती खरखर हाय." दुसरा लावून ते गल्लीचं वळण ओलांडून दिसेनासे झाले. अक्कानं पुन्हा तेच विचारलं. आणि वळणापलीकडून आरोळी आली, "पिठलं! पिठलं कर!" रस्त्यावरची माणसं थबकली. दाजी परतले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. दुकानदार त्या सेटचे गुण सांगू लागला, तर म्हणाले, "बांधा म्हटलं की."

त्या यंत्रावर दाजी आणखी काही वर्षं गायले, आणि छान गायले. मग डीजे आले, ऑर्केस्ट्रे बसले. डावा कान गेलाच, उजवा थोडा उरला. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन त्यांना आवडत नाही, त्यात म्हणे समदी दुनियाच वराडतीया. म्हणून अक्काच्या ओट्यावरच्या फळीवर माइक उभा आहे आणि दाजींच्या कमरेला ती डबी.

मध्यंतरी गेलो होतो. अंगणात बोलत बसलो असताना दाजींनी एकदम हात वर करून मला गप्प केलं. एक बोंड काढून सदऱ्याला पुसलं आणि माझ्या कानात घातलं. आत अक्का मेथी निवडत होती, माइक चालू असल्याचं विसरून. ती गात होती. जत्रांमधून दाजींनी गायलेलं एक गाणं, विसरलेल्या शब्दांच्या जागी आपलेच काहीबाही शब्द घालून. उभ्या जन्मात मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. दाजी हालचाल न करता ऐकत होते.

निघताना ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. घर दिसेनासं झाल्यावर म्हणाले, "पावणं, तिला सांगू नगासा. लाजंल आनी गायची थांबंल."

मी सांगितलेलं नाही.