मान रोलरचा

रविवार, सकाळ. हजर: दोन कंपन्यांचे संघ, उद्घाटनाचे पाहुणे, स्पर्धेची व्यवस्था बघणारी मी आणि मैदान सांभाळणारे काका.

काका आधी माणसाचे पाय बघतात, मग राम राम करतात. बुटांना खिळे दिसले की राम राम राहूनच जातो.

पाहुण्यांनी नारळ आपटायला हात उचलला तो थेट खेळपट्टीवर. काकांनी ती पहाटेपासून रोलरने दाबून गुळगुळीत केली होती. खळगा पडला असता, तर सामनाच गेला असता.

काका आडवे आले. "सायेब, हितं न्हाई. पैला मान रोलरचा!"

पाहुणे खुशीत रोलरकडे वळले. नारळ फुटला, पाणी त्यांच्याच शर्टावर उडालं.

"परसाद मिळाला!" काका म्हणाले. पाहुणेही हसले.

मग माझ्याकडे वळून हळूच, "ताई, फाटकापाशी नारळाला एक दगड बसवा. न्हाईतर पुढच्या बारीला मलाच डोकं पुढं करावं लागंल."

दगड बसवणं बाकी आहे.