रविवारची जनावरं

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसायला लागली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमचे तर सगळे जनावरांचे साठलेत, आणि त्यातलं एकही जनावर खरं नाही.

खेळ मी पुण्याच्या हॉस्टेलात शिकलो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धे नाहीतर जादूगार होऊन त्या गोष्टीत फिरायचं. वाटेत भयंकर जनावरं आडवी येतात. आपण काय करणार ते खेळणाऱ्याने सांगायचं, आणि ते जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार.

नंदुरबारला शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो आणि मिरची मार्केटजवळच्या माझ्या खोलीवर हा खेळ सुरू केला. कळसाडीचा ऊस पिकवणारा कैलास, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या रत्नाताई आणि नवापूरचे पोल्ट्रीवाले सॅम्युअलभाऊ. सॅम्युअलभाऊ सकाळची प्रार्थना आटोपून रेल्वेने येतात. घरी त्यांची बोली वेगळी, म्हणून ते आमच्याशी आणि आम्ही त्यांच्याशी शाळेतलं मराठी बोलतो. एरवी कैलास आणि रत्नाताई अहिराणी बोलतात. या तिघांना बोलावताना मला वाटलं होतं, मी यांना घाबरवीन.

*

पहिलंच जनावर रानडुक्कर ठेवलं होतं. बैलाएवढं, तोंडातून फेस, सुळे तलवारीसारखे. त्याची ताकद, त्याची चाल, सगळं मी आठवडाभर बसून तयार केलेलं. आवाज खोल करून मी वर्णन केलं आणि थांबलो.

कैलासने विचारलं, "मास्तर, हाई वावर कोनं शे?"

"वावर कुणाचंच नाही, जंगल आहे."

"मंग तो तेना घरमा शे. मन्हा ऊसमा उना म्हंजे देखसू."

आणि तिघं बाजूच्या वाटेने निघून गेले! माझा आठवडा त्या जंगलात तसाच उभा राहिला.

*

आमचा एक नियम आहे, खोलीत तोंडातून जे निघेल ते खेळातही निघालं असं धरायचं. एकदा तिघं झोपलेल्या अस्वलाच्या गुहेतून दबक्या पावलांनी चालले होते. नेमकं त्याच वेळी खाली मिरचीचा टेम्पो रिकामा होत होता. कैलास शिंकला. नाक दाबून शिंकला, तोंड दाबून शिंकला, पण शिंकला.

अस्वल उठलं. फासा टाकला, एक आला, म्हणजे सगळ्यात वाईट. कैलासचा योद्धा गेला.

तो इतका हादरला की बाहेर जाऊन त्याने घरी फोन लावला. आम्हाला दारातून ऐकू येत होतं. "मी मरी गऊ. माले आस्वलनी खाई टाकं."

पलीकडून वहिनींचा आवाज आला, "मंग जेवाले येतस का नही?"

*

मग मी ड्रॅगन काढला. म्हटलं, यापुढे तर कुणाचं चालणार नाही. डोंगराएवढं अंग, पोट टम्म, आणि तोंड उघडलं की आगीचा लोट.

पोट फुगलेली गाय दवाखान्यात आल्यासारखा रत्नाताईंनी चष्मा वर केला. "डावी बाजू वर उचलाय गई का येनी?"

मी गोंधळून हो म्हणालो. तिथेच फसलो.

"मंग आग नही, गॅस शे तो. गोडंतेल पाजा."

फासा टाकला. वीस! वीस आल्यावर नाही म्हणायची सोय नसते. ड्रॅगनने ढेकर दिली आणि तो झोपी गेला. माझ्या अख्ख्या हॉस्टेलात ड्रॅगन असा कुणी जिंकला नव्हता.

*

पुढचा होता कोंबडा. नजर मिळाली की माणसाचा दगड करणारा. सॅम्युअलभाऊंनी सरळ तलवार खाली ठेवली. म्हणाले, "मी कोंबडी मारत नाही."

आम्ही बघतच राहिलो. पोल्ट्रीवाला माणूस!

"अंधार पडू द्या," ते म्हणाले. "अंधारात कोंबडा गप बसतो. तेव्हा धरायचा." तसा त्यांनी तो धरला, पाळला, आणि तेव्हापासून तो कोंबडा डोळ्यांवर फडकं बांधून आमच्या टोळीबरोबर चालायला लागला.

ते गाडी पकडायला गेल्यावर रत्नाताई उठल्याच नाहीत. मग त्यांनी सांगितलं. नवापूरकडे कोंबड्यांत रोग पसरला त्या वर्षी सॅम्युअलभाऊंचं शेड एका दिवसात रिकामं केलं होतं. सगळे पक्षी मारून खड्ड्यात पुरले. मारणाऱ्या सरकारी पथकात रत्नाताई होत्या. अंगात पांढरा सूट, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. त्यामुळे सॅम्युअलभाऊंनी ओळखलं नाही. कळलं तर ते परत या खोलीत पाय ठेवणार नाहीत, आणि इतक्या चांगल्या माणसाला आपण कायमचं गमावू, याची ताईंना धास्ती होती. ताई रडल्या नाहीत, पण त्यांचा चहा तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं. कैलासने आणि मी शब्द दिला. त्या दिवसापासून मी संकटांच्या यादीतला एकूण एक पक्षी खोडून टाकला.

*

पक्षी खोडले, रोग खोडायचा राहिला.

परवाच्या रविवारी यादीतलं संकट काढायला फासा टाकला आणि निघालं ते असं, बरोबरच्या जनावराला साथीचा रोग. आजच्या आज मारलं नाही तर सगळी टोळी मरणार. टोळीबरोबर जनावर एकच होतं.

मी गडबडीने फासा उचलला. "चुकून पडला. परत टाकतो."

"हा, हा, परत टाका," कैलास म्हणाला.

"नको," सॅम्युअलभाऊ म्हणाले. "पडलं ते पडलं."

त्यांनी फासा माझ्या हातातून घेतला आणि रत्नाताईंच्या पुढे ठेवला. "ताई, तुम्ही करा."

ताईंनी फासा परत सरकवला. "मी कशाला? कोंबडा तुमचा आहे."

"मागच्या वेळी माझ्या शेडमध्ये पण तुम्हीच केलं ना. बाकीचे पायाला धरून पोत्यात टाकत होते. तुम्ही एकेकीला दोन्ही हातांत घेत होत्या, तिच्याशी बोलत होत्या. तो आवाज मी विसरलो नाही."

मला कुठे बघावं कळेना. कैलास जमिनीकडे बघत होता.

ताईंनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासून," सॅम्युअलभाऊ म्हणाले. "म्हणून तर येतो."