आपल्याला म्हणजे कुणाला?

शिवणवाल्या मावशींच्या दुकानात एकेकाळी पुढची फळी नुसत्या झबल्या-टोपड्यांनी भरलेली असे. मग गल्लीतली मुलं शिकली, पांगली आणि झबल्यांची गिऱ्हाइकं आटली. आता काम यायचं ते म्हणजे विजारीच्या शिवणीत आत सोडलेली माया उसवून कंबर सैल करणं, नाहीतर गेलेल्या माणसाचा कोट मागे राहिलेल्याच्या अंगाला बसवून देणं. मावशींची स्वतःची लेकही दूरदेशी होती. लेक-जावयांनी मूल नको म्हणून ठरवलं होतं आणि दोन कुत्री पाळली होती. फोनवर मावशी कुत्र्यांचीही विचारपूस करायच्या, करतात काय!

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मात्र मुलांचा चिवचिवाट होता. तिकडे परमुलखातून आलेली माणसं राहत होती. त्यांची बोली वेगळी, चेहरेमोहरे वेगळे. तिथली एक तरुण सून मावशींकडे काज-बटणं करायला आली, ती कायमचीच. मावशींना सुईत दोरा दिसेनासा झाला होता. ओवणं, तुरपाई सगळं तीच करी. मावशी तिला नुसतं ‘पोरी’ म्हणत.

एके दिवशी कात्री खाली ठेवून ती लाजत म्हणाली, “मावशी, आपल्याला बाळ होणार आहे.”

मावशींच्या तोंडातली टाचणी गळून पडली. “आपल्याला? अगं, मला या वयात?”

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मावशींनी समजावलं, “ऐकणाऱ्याला धरून बोललं की आपण. त्याला वगळलं की आम्ही. तू म्हणायचं, आम्हाला बाळ होणार आहे.”

“आमच्या बोलीत दोन्हीला एकच शब्द.”

“मग एखाद्याला वगळायचं कसं?”

“तोंड फिरवायचं,” पोरगी म्हणाली.

त्याच आठवड्यात मावशींचे दीर आले. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून ते गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुकानाची निम्मी जागा त्यांच्या नावावर होती.

“वहिनी, रविवारच्या बैठकीत ठराव आहे. नव्या लोकांना आपल्यातल्या कुणी जागा द्यायची नाही, काम द्यायचं नाही. ते वाढताहेत, आपण घटतोय. अध्यक्षाच्याच घरात ती बसलेली कशी चालेल? महिनाअखेर तिला रजा द्या.” एवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. “घ्या! आणखी एक!”

“भावोजी, तुमच्या चिरंजीवांनी चाळिशी ओलांडली. घटण्याचं एवढं वाटतं, तर आधी त्यांच्यासाठी मुलगी बघा.”

“विषय तो नाही.”

पोरीने बटणावरून मान वर केली आणि अगदी मनापासून विचारलं, “मावशी, घटतोय ते आपण की आम्ही?”

“सांगा भावोजी. आपण की आम्ही?”

“व्याकरण राहू द्या!” म्हणत दीर पायऱ्या उतरले.

संध्याकाळी जाताना पोरीने सुयांची डबी नीट पुसून ठेवली. कायमची सोपवून जावी तशी. मावशींना ते बघवलं नाही.

रविवारी बैठकीला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. जमलेल्यांत काळ्या केसांचं कुणी नव्हतं. मावशी मागे बसून एकेकाचे सदरे न्याहाळत होत्या. कॉलर उलटवलेली त्यांच्या हातची, काजं पोरीच्या हातची. अध्यक्षांच्या पोटावरचं ताणलेलं बटणसुद्धा तिनेच पक्कं केलेलं.

“वहिनी,” अध्यक्ष म्हणाले, “आपल्या घरचं काय ते तुम्हीच सांगा.”

मावशी उठल्या. “सांगायचं एवढंच, की आपल्याला बाळ होणार आहे.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग औषधवाले आजोबा हसू दाबत म्हणाले, “आपल्याला म्हणजे कुणाला हो, वहिनी?”

“आपल्याला. तुम्हाला, मला, या गल्लीला. तान्हं मूल रडलेलं तुम्ही या टोकाला शेवटचं कधी ऐकलंत? आठवून सांगा.”

आजोबा खरंच आठवू लागले. त्यांना आठवेना. शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. ठराव मांडायचं अध्यक्षांनी त्या दिवशी टाळलं. चहा झाला आणि माणसं उठली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी कपाटाच्या तळातून मऊ पांढरं कापड काढलं. लेकीच्या बाळासाठी जपलेलं ते कापड घडीवर पिवळं पडलं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि झबलं बेतायला घेतलं. समोर पोरगी दोरा ओवत होती.

दीर दारात येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघत म्हणाले, “महिनाअखेरीचं राहू द्या. अवघडलेली बाई जाणार कुठे?”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

तरी ते हलेनात. कापडावरच्या खडूच्या रेघेकडे त्यांनी चष्मा सरसावून पाहिलं.

“वहिनी, शिवणीत माया जरा जास्त सोडा,” ते कुरकुरले. “यांची मुलं भराभर वाढतात.”

मावशींनी खडूची रेघ पुसली आणि बोटभर बाहेर सरकवून नवी ओढली.