खोली नंबर चारची भांडी

आमची इमारत धोकादायक ठरली तेव्हा डोंबिवलीत कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, आम्हालाही नाही. गॅलरीचे कठडे आम्ही आधीच दोरीने बांधून ठेवलेले होते. नोटीस लागली, चार दिवसांत घरं रिकामी करा म्हणाले, आणि आम्ही सोळा बिऱ्हाडं पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये येऊन पडलो. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून हॉल तरी मिळाला. शाळा उघडायच्या आत ज्याने त्याने भाड्याची जागा शोधायची होती, आणि आमची इमारत रिकामी होणार हे एजंट लोकांना आमच्याआधी कळलेलं होतं. डोंबिवलीत भाडी चढली, पाठोपाठ ठाकुर्लीत चढली. तिकडे घोडबंदर रोडच्या टॉवरांत कितीतरी फ्लॅट नुसते कुलपं लावून ठेवलेत म्हणे. हे कुणी सांगितलं की माझं डोकं फिरायचं.

हॉलमध्ये पहिल्याच संध्याकाळी मी एक गोष्ट पाहिली आणि बघतच राहिलो. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी गाद्या इमारतीच्याच क्रमाने पडल्या होत्या. तळमजला दाराशी, पहिला मजला मध्ये, दुसरा फळ्याकडे. ज्याचा जो शेजारी, तोच त्याच्या शेजारी. एका सुनेने सहज आपल्या गादीपुढे खडूने उंबरठा काढला. बघता बघता सोळा उंबरठे झाले. भिंत एकही नाही, पण माणसं त्या रेघेपाशी थांबून "येऊ का?" विचारत होती.

मी सरकारी कचेरीत जन्मभर कागद सांभाळले, म्हणून बिऱ्हाडांची यादी करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. यादी साधी नव्हती. जो तिच्यात असेल त्याला आमच्याच जागेवर व्हायच्या नव्या इमारतीत घर, जो नसेल तो कायमचा बाहेर. पावती बघायची, लाइट बिल बघायचं, नाव लिहायचं. कागदाशिवाय माझ्या हातून ओळ लिहिली जात नाही, याचा मला फार अभिमान होता.

अडलं ते खोली नंबर चारशी. तिथे आत्या राहायची. कुणाची सख्खी आत्या नव्हे, सगळ्या इमारतीची. तरुणपणी बहिणीचं बाळंतपण करायला म्हणून कोकणातून आली आणि राहिली. बहीण गेली, मेहुणे गेले, मूल जगलं नव्हतं. आत्या लोकांकडे पोळ्या करून एकटी राहत होती. भाडेपावती मेहुण्यांच्या नावावर, लाइट बिल त्यांच्याच नावावर, आणि तिच्या आधार कार्डावर पत्ता गावचा. मी तिचं नाव घातलं नाही.

खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे एकजण माझ्या कानाशी म्हणाले होते, "सोळाच्या जागी पंधरा झाले तर प्रत्येकाला जरा जागा जास्त सुटेल." मी तोंडावर "छे, असं कसं" म्हटलं. पण ते ऐकायला मला वाईट वाटलं नाही, हे माझं मला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी सकाळी पालिकेचे साहेब आले. मी यादी वाचली. खोली पाचमधल्या वहिनी, त्यांचं बौद्ध कुटुंब आत्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारं, लगेच म्हणाल्या, "आत्याचं राहिलं."

"राहिलं नाही," मी म्हटलं. "तिच्याकडे कागद नाही."

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. ती आपल्या खडूच्या उंबरठ्याआड मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझं नाव कागदावर कुठून असणार साहेब? भांड्यांवर आहे काय ते."

ती आपली चेष्टेने म्हणाली. पण वहिनी उठल्या आणि आपलं पोतं सोडायला लागल्या. आतून एक वाडगा काढून त्यांनी साहेबांसमोर ठेवला. त्यावर आत्याचं नाव कोरलेलं होतं आणि खाली 'खोली नं. ४', शिवाय साल. भांडं हरवू नये म्हणून दुकानातून घेतानाच ती हे सगळं घालून घ्यायची.

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. कुणाकडे आजारपण असो, पाहुणे असोत, आत्याकडून काहीतरी यायचंच. मग भांडं परत करायचं ते काही चांगलं केलं की, असं म्हणत म्हणत ते आपल्याच घरात मुरायचं. बाकीच्या पंधरा बिऱ्हाडांत हे झालं नाही असं एकही घर नव्हतं.

पोती सुटत गेली. वाट्या आल्या, ताटली आली, कढई आली. पहिल्या मजल्यावरचे ते गृहस्थ कुणाकडे न बघता एक भलंमोठं पातेलं घेऊन आले आणि खाली ठेवून गेले. साहेब एकेक भांडं उलटं करून वाचत होते. तेच नाव, तीच खोली, सालं मात्र निरनिराळी, मागे मागे जाणारी. मी थक्क झालो होतो. जन्मभर कागद सांभाळणाऱ्या माझ्यासमोर पन्नासेक माणसांनी एका बाईचा पत्ता सांभाळून ठेवलेला होता, आणि तोही नकळत.

शेवटी माझी बायको उठली. माझ्याकडे न बघता तिने ठेवला तो माझा ऑफिसचा डबा. त्यावरची अक्षरं मी रोज दुपारी पाहिली होती. कित्येक वर्षं.

साहेबांनी डबाही उलटा करून वाचला. मग म्हणाले, "भांडी काय मला फाइलला लावता येणार नाहीत. पण सगळ्यांनी सही करून लिहून दिलं, तर पंचनाम्यात घेतो. लिहा."

लिहायला मीच बसलो. पंधराही घरांनी सह्या केल्या. सोळावं नाव माझ्या अक्षरात यादीत गेलं.

लोक आपापल्याकडची भांडी आत्याच्या रेघेपाशी नेऊन ठेवायला लागले, तशी ती ओरडली, "अरे, मी ठेवू कुठे ती? घर आहे का मला?" सगळे हसले. मला हसू येईना. मी डबा घेऊन उंबरठ्यापाशी उभा राहिलो. "आत्या, चुकलं माझं," म्हटलं.

तिने डबा हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"रिकामाच आणलास?"

तिने झाकण लावून डबा परत माझ्या हातात दिला.

"असू दे आत्ता. घर झालं की भरून आण."

इमारतीच्या जागी अजून खड्डाच आहे. आत्या वहिनींबरोबर ठाकुर्लीला भाड्याने राहते. आम्ही दर अकरा महिन्यांनी घर बदलतो, आणि तो डबा मी टेम्पोत टाकत नाही, हातात धरून नेतो.